क्लब बुडतात कसे, पगार थकतात का? फुटबॉलच्या पैशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैदानाच्या कडेला उभे राहणारे पालक पूर्वी विचारायचे, ट्रायल कधी आहे, बूट कुठले घ्यायचे. २०२५ च्या पावसाळ्यात आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही आपली अव्वल फुटबॉल लीग, अडकली, काही क्लबांनी पगार थांबवले, आणि तेव्हापासून बहुतेक प्रश्न पैशाचे येतात. मी मुंबईत मुलांना फुटबॉल शिकवतो. त्यातल्या काहींना याच खेळावर पोट भरायचं आहे, त्यामुळे या प्रश्नांना उडवाउडवीची उत्तरं देणं मला पटत नाही. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

युरोपातल्या क्लबांकडे एवढा पैसा असतो. तरी ते बुडतात कसे?

क्लबाची कमाई टीव्हीचे हक्क, तिकिटं, प्रायोजक आणि खेळाडूंची विक्री यातून होते. यातलं जवळपास सगळं उत्पन्न निकालांप्रमाणे वरखाली होतं. पगार मात्र तीन-पाच वर्षांच्या करारात लिहिलेला असतो. संघ खालच्या गटात घसरला किंवा टीव्ही कंपनीने हप्ता बुडवला, तरी पगार त्याच तारखेला द्यावा लागतो.

इंग्लंडचा लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत पोचला होता. पुढच्या वर्षीही या स्पर्धेत खेळू, असं गृहीत धरून क्लबाने कर्ज काढलं आणि महागडे खेळाडू घेतले. जागा मिळाली नाही. २००४ मध्ये संघ प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमधून, बाहेर गेला आणि २००७ मध्ये क्लबावर प्रशासक (देणी थकली की कारभार हाती घेणारा) आला. घसरलेल्या बहुतेक क्लबांची कथा अशीच असते: अजून न आलेला पैसा आधीच पगाराला लावलेला असतो.

इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवरची चॅम्पियनशिप हे याचं सगळ्यात वाईट उदाहरण. प्रीमियर लीगमध्ये गेलो की टीव्हीचा पैसा अनेक पटींनी वाढतो, म्हणून प्रत्येक जण झेप घ्यायला बघतो. कित्येक हंगामांत तिथल्या क्लबांचा एकत्रित पगारखर्च त्यांच्या एकत्रित उत्पन्नापेक्षा जास्त होता. म्हणजे शंभर रुपये आले तर शंभरपेक्षा जास्त पगारातच गेले; प्रवास, मैदान, वीज, अकादमी हा खर्च त्याच्यावर. आणि बढती तर वर्षाला फक्त तीन संघांना मिळते.

पगारावर किती खर्च झाला म्हणजे धोका समजायचा?

युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२२ मध्ये नवे आर्थिक नियम मंजूर केले. त्यानुसार खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार, ट्रान्सफर फीचा (दुसऱ्या क्लबाकडून खेळाडू घेताना मोजलेल्या पैशाचा) त्या वर्षीचा भार आणि एजंटांची फी मिळून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपुढे जाता येत नाही. ही मर्यादा २०२३-२४ ला ९० टक्के होती, पुढच्या हंगामात ८० आणि २०२५-२६ पासून ७०. प्रीमियर लीगनेही २०२६-२७ पासून याच धर्तीचा ८५ टक्क्यांचा नियम करायचं ठरवलं आहे.

माझ्या मते ७० टक्केही सैलच आहेत. उरलेल्या तीस टक्क्यांत अकादमी, महिला संघ, मैदानाची देखभाल आणि कर्जाचे हप्ते बसवायचे असतात, आणि ओढाताण झाली की कात्री आधी अकादमीला लागते.

बार्सिलोनासारखा क्लब कसा काय अडकला? तिथे तर पैशाला तोटा नव्हता.

हा प्रश्न बहुतेक वेळा मेस्सीची जर्सी घातलेल्या मुलाकडून येतो, म्हणून नीट सांगतो.

२०१८-१९ मध्ये बार्सिलोनाचं उत्पन्न ८४ कोटी युरोंच्या घरात गेलं. तोवर जगातल्या कुठल्याही क्लबाने ८० कोटींचा टप्पा ओलांडला नव्हता. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१७ मध्ये, नेमार २२ कोटी २० लाख युरोंना पॅरिसला गेला होता. एवढे पैसे हातात आहेत हे साऱ्या बाजाराला माहीत होतं, त्यामुळे डेम्बेले, कुटिन्हो आणि नंतर ग्रीझमन यांच्यासाठी प्रत्येकी शंभर दशलक्ष युरोंच्या वर मोजावे लागले. नवा खेळाडू मोठ्या पगारावर आला की जुनेही वाढ मागतात, आणि ती द्यावीच लागते. असं करत करत पगाराचा डोंगर वाढला.

मग कोरोना आला. कॅम्प नोऊ हे क्लबाचं मैदान रिकामं पडलं, तिकिटं गेली, पर्यटक गेले, पगार मात्र तसेच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी सांगितलं की क्लबावर १३५ कोटी युरोंचं कर्ज आहे आणि पगाराचा बोजा उत्पन्नाच्या १०३ टक्के आहे. स्पॅनिश लीगमध्ये प्रत्येक क्लबाला संघावरच्या खर्चाची मर्यादा आखून दिलेली असते आणि तिच्यात न बसणाऱ्या खेळाडूची नोंदणीच होत नाही. मेस्सी कमी पैशात थांबायला तयार होता, तरी त्याची नोंदणी करता येईना. तो रडत बाहेर पडला.

पुढच्याच वर्षी क्लबाने आपल्या लीग-प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी विकला आणि त्या पैशावर नवे खेळाडू घेतले. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा तिशीत पोचेल तेव्हाही तो वाटा दुसऱ्याच्या खिशात जात असेल. मला हे फार खटकतं.

मग दोष खेळाडूंचाच ना? एवढे पगार मागतातच कशाला?

हा आरोप मला मान्य नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूचा पगार आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड असा बांधलेला होता. स्टेडियम भरलेली असायची आणि पैसा मालकांकडे राहायचा. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा ती मर्यादा उठली आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सला १०० पौंड मिळू लागले. तरी करार संपल्यावरही क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत होता. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मनने त्याविरुद्ध न्यायालयात लढा दिला आणि १५ डिसेंबर १९९५ च्या निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो हे ठरलं. ट्रान्सफर फी वाचते म्हटल्यावर त्यातला मोठा भाग पगारात आला.

खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची, गुडघा गेला तर त्याहून कमी. समोर ठेवलेला करार त्याने नाकारावा अशी अपेक्षा कशी करायची? हिशेब न करता सही करणारा माणूस टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असतो.

मालक अब्जाधीश असेल तर काळजी कशाला?

तीच खरी काळजी. चीनमधल्या जिआंग्सू क्लबाने २०२० मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, काम थांबवलं, कारण मालक असलेल्या सुनिंग कंपनीला पैसा दुसरीकडे हवा होता. ग्वांगझू क्लबाने दोनदा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकली होती. पाठीमागची एव्हरग्रांड ही बांधकाम कंपनी कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२५ मध्ये क्लबही संपला.

आपल्याकडे हैदराबाद एफसी २०२१-२२ चा आयएसएल विजेता. दोन हंगामांत तिथे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली. २०२५ मध्ये ही फ्रँचायझी दिल्लीला गेली आणि तिचं नावही बदललं.

क्लबाचा खर्च क्लबाच्या कमाईतून न निघता एका माणसाच्या मर्जीतून निघत असेल, तर ती मर्जी, प्रकृती, व्यवसाय यातलं काहीही बदललं की सगळं थांबतं.

२०२५ मध्ये आयएसएलचं नेमकं काय झालं?

याचं मूळ डिसेंबर २०१० मध्ये आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने तेव्हा आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातूनच २०१४ मध्ये आयएसएल उभी राहिली आणि ती चालवायला एफएसडीएल ही कंपनी आली. महासंघाला वर्षाला साधारण ५० कोटी मिळत गेले. करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी नूतनीकरण वेळेत झालं नाही. महासंघाच्या घटनेचं, म्हणजे कारभाराच्या नियमावलीचं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं आणि पुढचं चित्र स्पष्ट नव्हतं. जुलै २०२५ मध्ये एफएसडीएलने हंगाम स्थगित ठेवला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले, चेन्नईयिनने फुटबॉलचं कामकाज बंद ठेवलं. सप्टेंबरमध्ये न्यायालयाचा निकाल आला, लीगच्या व्यावसायिक हक्कांसाठी निविदा निघाली, आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंवर फिफाकडे जाहीरपणे मदत मागण्याची वेळ आली. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ क्लबांची लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल असं जाहीर केलं, तीही छोटी: प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच, एकूण ९१ सामने.

एवढ्या मोठ्या देशाची अव्वल लीग एका कागदावर उभी होती. तो कागद संपत आला तेव्हा काही क्लबांना पगारही चालू ठेवता आले नाहीत.

तिकिटांतून पगार निघू शकत नाही का?

आकडेमोड करून बघू. अंधेरीच्या मैदानात फुटबॉलला साधारण सात हजार माणसं बसतात असं धरा. हंगामात घरचे १२ सामने, प्रत्येक सामना भरलेला, तिकीट सरासरी ३०० रुपये. एकूण २ कोटी ५२ लाख. आयएसएलमध्ये काही हंगाम संघाच्या पगाराची कमाल मर्यादा साडेसोळा कोटी होती. म्हणजे एकही खुर्ची रिकामी न राहता सहावा हिस्साही निघत नाही. त्यात मैदानाचं भाडं, सुरक्षा, विमानप्रवास, हॉटेल धरलेलं नाही.

बाकीचे पैसे प्रायोजक आणि टीव्हीतून यावे लागतात, आणि ते कमी पडले की मालकाच्या खिशातून. बारा वर्षं ते मुख्यतः खिशातूनच आले.

मुंबई सिटीचं काय होणार?

मैदानावर मुंबई सिटीने भरपूर मिळवलं आहे: २०२०-२१ मध्ये शील्ड (साखळीत पहिला आल्याबद्दल) आणि चषक (अंतिम सामना जिंकल्याबद्दल) दोन्ही, २०२२-२३ ला शील्ड, २०२३-२४ ला पुन्हा चषक. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. तोवर कुठल्याही भारतीय क्लबाने त्या स्पर्धेच्या गटसाखळीत सामना जिंकलेला नव्हता. पाठीशी मँचेस्टर सिटीचा मालक सिटी फुटबॉल ग्रुप होता, ज्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला होता. डिसेंबर २०२५ मध्ये लीगच्या अनिश्चिततेमुळे तो ग्रुप बाहेर पडला आणि मालकी पुन्हा मूळ भारतीय मालकांकडे आली.

सुरुवातीच्या वर्षांत युंगबर्ग, आनेल्का अशी मोठी नावं इथे आली. २०१५ च्या लिलावात छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं, तरी त्या वर्षी संघ उपांत्य फेरीत पोचला नाही. नावांवरचा खर्च आता कमी होईल असं मला वाटतं, आणि तो व्हावा. ठाणे, नवी मुंबई, विरार, कल्याणची पोरं त्या जागांवर खेळली तर लोकलने येणारा प्रेक्षकही वाढेल.

आमच्या वडिलांच्या काळी कंपन्यांचे संघ होते. तेव्हा हे प्रश्न नव्हते का?

वेगळे होते. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया, महिंद्रा, दोन्ही रेल्वे, बँका अशा संघांवर मुंबईचा फुटबॉल चालायचा. खेळाडू कंपनीचा नोकर असायचा. सकाळी सराव, मग ऑफिस, संध्याकाळी कूपरेजच्या मैदानावर हारवूड लीग या मुंबईच्या स्थानिक लीगचा सामना. पगार कारकुनाचाच, पण महिन्याच्या महिन्याला मिळणारा. आणि पस्तिशीत बूट खुंटीला टांगले तरी नोकरी, भविष्यनिर्वाह निधी, पुढे पेन्शन. परळ-लालबागच्या चाळींत अशा नोकरीमुळे उभं राहिलेलं घर शोधायला फार फिरावं लागत नाही. आजच्या कुठल्याही क्लब-करारात ही सुरक्षितता नाही, आणि ती गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुबळी बाजूही होती: संघ ठेवायचा की नाही हे व्यवस्थापन ठरवायचं. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये हा संघ बंद झाला. पंजाबातला जेसीटी २०११ मध्ये गेला. मुंबई एफसी २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून घसरल्यावर संपला. पुण्यात एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली, ज्याचं पुढे काय झालं ते वर आलंच आहे. मिल असो, कंपनी असो की फ्रँचायझी, तिजोरी एकाच्याच हातात राहिली आणि निर्णयही.

क्लब बुडाला की सगळ्यात जास्त मार कोणाला बसतो?

ज्यांचं नाव जर्सीवर नसतं त्यांना. पोर्ट्समथने २००८ मध्ये एफए कप जिंकला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्यावर प्रशासक आला. ही पाळी आलेला तो प्रीमियर लीगमधला पहिला क्लब. देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सही होती, म्हणजे सामन्याला प्रथमोपचार द्यायला येणारी संस्था. इंग्लिश फुटबॉलमध्ये खेळाडूंचं आणि इतर क्लबांचं देणं पूर्ण चुकतं करावं लागतं, नाहीतर लीगमध्ये जागा राहत नाही. त्यामुळे स्थानिक दुकानदार, छापखाने, अशा संस्था यांच्या वाट्याला उरलेला चुरा येतो.

आपल्याकडे किटमन, मसाजर, मैदानावर पाणी मारणारे, अकादमीतले प्रशिक्षक. आंतरराष्ट्रीय खेळाडूच्या मागे निदान वकील असतो. महिना वीस-पंचवीस हजारांवर काम करणाऱ्याने कोणाकडे जायचं?

नियम मोडणाऱ्या क्लबांचे गुण कापतात. हे बरोबर आहे का?

एव्हर्टनचे २०२३-२४ मध्ये आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, नंतर आणखी २ गेले. त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४. शेफिल्ड वेन्सडेने २०२५ मध्ये वारंवार पगार उशिरा दिले, ऑक्टोबरमध्ये प्रशासक आला आणि १२ गुण गेले. मालकाच्या चुकीची शिक्षा प्रेक्षक भोगतो हे खरं आहे. पण दंड नुसता पैशाचा असेल तर श्रीमंत मालक तो भरून मोकळा होतो. गुण विकत घेता येत नाहीत, म्हणून मी या शिक्षेच्या बाजूने आहे. मात्र ती हंगामाच्या मध्यावर, दोन-दोनदा होऊ नये.

पगारावर मर्यादा घातली की प्रश्न सुटेल?

थोडा. आपल्या लीगमध्ये मर्यादा होती, तरी पगार थकले, कारण ती सगळ्यांना सारखी होती, क्लबाच्या कमाईशी जोडलेली नव्हती. साडेसोळा कोटी खर्चायची परवानगी आहे आणि कमाई सहा कोटी, तर परवानगीचा उपयोग काय? हंगामाआधी पगाराची रक्कम किंवा निदान काही महिन्यांची बँक हमी वेगळी ठेवायला लावली, तर खेळाडू आणि कर्मचारी दोघंही वाचतील. जर्मनीत मतदानाचे बहुमत हक्क सदस्यांकडे राहतील असा नियम आहे, आणि लीगचं लायसन्स देण्याआधी पुढच्या हंगामाचा पैसा कुठून येणार हे तपासलं जातं. यातलं दुसरं तरी आपल्याला लगेच करता येईल.

पगार थकला तर खेळाडूने काय करायचं?

फिफाच्या नियमांत स्पष्ट आहे: दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबाला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर खेळाडू योग्य कारणाने करार संपवू शकतो. नोटीस लेखीच हवी. मॅनेजरला फोनवर सांगितलेलं कामाला येत नाही. भारतीय खेळाडू आणि भारतीय क्लब यांचा वाद महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे जातो. खेळाडूंची संघटना, एफपीएआय, मदत करते. सदस्य आधीच व्हा. तक्रार केली तर पुढचा क्लब घेणार नाही, या भीतीने मुलं गप्प बसतात आणि मुदती निघून जातात.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला या क्षेत्रात जाऊ द्यावं का?

जाऊ द्या, पण बारावी आणि पदवी सोडू देऊ नका. रेल्वे, पोलीस, बँका, सैन्यदल यांची खेळाडू-भरती कमी झाली असली तरी पूर्ण संपलेली नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या खेळाची प्रमाणपत्रं जपून ठेवा. पहिल्या वर्षाचा पगार घरखर्चात धरू नका.

करारावर सही करण्याआधी काय बघायचं?

अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही, हे पहिलं. पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला, किती हप्त्यांत, करार बारा महिन्यांचा की फक्त हंगामापुरता? दुखापत झाली तर उपचार कोण करणार आणि तोवर पगार चालू राहणार का? राहणं-जेवण पगारातून कापणार का? लीग पुढे ढकलली गेली तर काय, हे वाक्य २०२५ नंतर प्रत्येक करारात शोधा. एजंट असेल तर त्याच्याकडे फिफाचं लायसन्स हवं, आणि त्याने तुमच्याकडून आगाऊ पैसे मागितले तर तिथेच थांबा. महासंघाच्या नोंदणी प्रणालीत भरलेल्या तारखा आणि तुमच्या हातातल्या कागदावरच्या तारखा जुळतात का ते पाहा. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत त्याच दिवशी घेऊन घरी या. "नंतर पाठवतो" असं कोणी म्हणालं तर सही करू नका.